नोकरी सोडायची की नाही, कसं ठरवलंत? (अनुभव धागा)

मी पुण्यात, हिंजवडीला टेस्टिंगमध्ये. वय ३९, या कंपनीत ४ वर्षं ५ महिने झाले. घर वाकडला, हप्ता ४१ हजार, नवऱ्याची नोकरी चालू आहे, लेक सातवीत. गेल्या दिवाळीपासून असं झालंय की रविवारचं दुपारचं जेवण झालं की पोटात गोळा येतो, लेक काहीतरी सांगत असते आणि माझं अर्धं लक्ष सोमवारच्या कॉलमध्ये. राजीनाम्याचा मेल तीनदा लिहून झाला, पाठवला नाही. 'मनाचं ऐक' हे घरच्यांनी सांगून झालंय, त्यावर माझं काही भागत नाही. ज्यांनी सोडली किंवा सोडता सोडता थांबले त्यांनी प्लीज सविस्तर लिहा. नक्की कशावरून ठरवलंत? कशाचा हिशोब केला होतात, कशाचा राहून गेला?

*

ताई, मी तुमच्याच भागातला, वय ४६, दोन वर्षांपूर्वी दुसरी ऑफर हातात नसताना सोडली. रागाच्या भरात नाही, सहा महिने विचार चालू होता, एक्सेलमध्ये घरखर्च, हप्ता, मुलाची फी सगळं मांडलेलं, वर्षभर पुरतील एवढे पैसे बाजूला काढलेले. राहिलं काय तर मेडिक्लेम. शेवटच्या दिवशी कंपनीची ग्रुप पॉलिसी बंद होते हे माहीत होतं, पण काढू पुढच्या महिन्यात दुसरी असं धरून चाललो, आणि मला शुगर आहे, त्यामुळे नवीन पॉलिसीत आधीच्या आजाराला तीन वर्षांचं वेटिंग लागलं, म्हणजे तोवर त्याचा क्लेम नाही. चार महिन्यांनी पायाची जखम चिघळली, १ लाख ८० हजार खिशातून गेले. नंतर कळलं की नोकरी सुटायच्या आतच त्याच विमा कंपनीशी बोलून ग्रुपची पॉलिसी वैयक्तिक करून घेता येते आणि आधीची वर्षं धरली जातात. तुम्ही हे राजीनाम्याच्या आधी करा, नंतर नाही.

दुसरं, तुमचे ४ वर्षं ५ महिने वाचून लगेच लिहायला बसलो. ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी एकरकमी पैसे देते त्याला, पाच वर्षं लागतात. ढोबळ हिशोब असा, शेवटचा बेसिक गुणिले १५, भागिले २६, गुणिले झालेली वर्षं. आणि नोटीस पिरियड तुम्ही काम करून भरला तर ते दिवस नोकरीतच मोजले जातात. आपल्याकडे आयटीत बहुतेक ठिकाणी नोटीस ९० दिवसांची असते, म्हणजे अजून चार महिन्यांनी मेल पाठवलात तरी शेवटचा दिवस पाच वर्षांवर येतो. फक्त नोटीस बायआउट करून, म्हणजे त्या दिवसांचे पैसे भरून, लवकर निघू नका, मग ते महिने जातात.

सोडल्याचा पश्चात्ताप नाही. आता पगार पूर्वीपेक्षा कमी आहे, पण रात्री झोप लागते.

*

मी नाही सोडली. वाळूजला मेंटेनन्समध्ये १३ वर्षं झाली. स्वतःचं वर्कशॉप टाकायचं पक्कं केलं होतं, गाळा पण बघून ठेवला होता, डिपॉझिटची बोलणी झालेली. बायको म्हणाली, अहो तुम्ही फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात वर्कशॉपचं नावसुद्धा काढत नाही, थर्ड लागली की सुरू होता. मी चिडलो तिच्यावर, पण मग दोन महिने स्वतःच लक्ष ठेवलं आणि तिचं खरं निघालं. साहेबांना जाऊन सांगितलं, रात्रपाळी आता जमत नाही, ट्रेनिंगला टाका, नवीन अप्रेंटिस पोरं शिकवतो. पाच महिने लागले, पण झालं. दर महिन्याला शिफ्ट अलाउन्स गेला तेवढाच. ताई, रविवारी पोटात गोळा येतो तो कामाचा येतो का त्या एका सोमवारच्या कॉलचा, तेवढं बघा. कॉल बदलता येत असेल तर आधी तो बदलून बघा.

*

मी सरकारी बँकेत ऑफिसर होते. माहेर साताऱ्याचं. प्रमोशन घेतलं आणि परराज्यात बदली आली, मुलगा तेव्हा तीन वर्षांचा, सासूबाईंकडे ठेवून गेले. व्हिडिओ कॉलवर आधी रडायचा, नंतर नंतर समोर यायचाच बंद झाला, आणि ज्या दिवशी त्याने मला हाक मारायच्या ऐवजी आजीच्या मागे तोंड लपवलं त्या रात्री मी राजीनामा लिहिला. नवरा म्हणत होता आठ दिवस थांब. थांबले नाही. आज त्या राजीनाम्याला सहा वर्षं झाली.

मला इथे खरं लिहायचंय. मुलाजवळ आले याचं समाधान आहे, पण नोकरी गेल्याचं दुःख आजही आहे, दोन्ही एकदम. आमच्याकडे बायकांसाठी लांबच्या बिनपगारी रजेची सोय होती, दोन वर्षांपर्यंत, ती मी मागितलीसुद्धा नाही. कारण त्या रात्री मला फक्त दोनच रस्ते दिसत होते, राहायचं नाहीतर सोडायचं. मधला रस्ता विचारायला कुणी वरिष्ठ बाई आसपास नव्हती. स्वतःच्या खात्यात दर महिन्याला पगार जमा व्हायचा तो मेसेज यायचा बंद झाला की काय वाटतं ते मला शब्दात सांगता येत नाही. तुम्ही ते तीन ड्राफ्ट पाठवले नाहीत हे फार बरं केलंत. पाठवायच्या आधी तुमच्या कंपनीची रजेची पॉलिसी अख्खी वाचा, कंटाळा आला तरी वाचा.

*

न्यू जर्सीहून लिहितोय. एच-वन-बीवर, म्हणजे इथल्या कामाच्या व्हिसावर, नोकरी सुटली की नवीन शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, त्यामुळे सोडायची का हा प्रश्न इथे आमच्या घरात मोठ्याने विचारलाच जात नाही. मी आय-१४० (कंपनीने आपल्या ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज) मंजूर होऊन १८० दिवस होईपर्यंत दात दाबून थांबलो, कारण त्यानंतर जुन्या कंपनीने ते मागे घेतलं तरी ती मंजुरी टिकते आणि तिच्या आधारावर एच-वन-बी पुढे वाढवून घेता येतो. १८१व्या दिवशी इंटरव्ह्यू द्यायला सुरुवात केली. थांबण्याला एक शेवटची तारीख होती म्हणून ते सहन झालं, नाहीतर नसतं झालं. तुम्हीही स्वतःसाठी एक तारीख ठरवा आणि ती कॅलेंडरवर लिहा.

*

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो, रत्नागिरी जिल्हा. २७ वर्षं सेवा झाल्यावर स्वेच्छानिवृत्ती घेतली. २० वर्षं पुरी असली की तीन महिन्यांची नोटीस देऊन घेता येते. माझी नेमणूक १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची, म्हणून जुनी पेन्शन लागू, आणि म्हणूनच हे धाडस झालं, ते लपवण्यात अर्थ नाही. वडील अंथरुणाला खिळलेले, आंब्याची कलमं गड्यांच्या भरवशावर, मोहोरावर तुडतुडे पडले की फवारणी कुणी बघायची. शाळा सोडताना चौथीतल्या एका पोरीने विचारलं, गुरुजी उद्या येणार ना? अजून ऐकू येतं ते.

*

सगळ्यांचे खूप आभार, रात्री नवऱ्याला बसवून एकेक वाचून दाखवलं. पे-स्लिप काढली, बेसिक ५२ हजार, म्हणजे पाच वर्षांचे बरोब्बर दीड लाख होतात. तारीख कॅलेंडरवर लिहिली, अजून चार महिने. तोवर मॅनेजरशी सोमवारच्या कॉलबद्दल बोलणार आहे, काय बोलायचं ते लिहून काढलंय. मेडिक्लेमसाठी एचआरला मेल टाकला, राजीनाम्याचं नाव न काढता. रजेची पॉलिसी ३४ पानांची आहे, निम्मी वाचून झाली.

बँकेतल्या ताई, तुमचं वाचताना रडू आलं. तुम्ही परत काही सुरू करायचा विचार केलात का? सवड झाली की लिहा, मी वाट बघतेय.