सल्ला हवा: जुनं फोर कलर मॅन्युअल स्क्रीन प्रिंटिंग मशीन घ्यावं का? (बजेट २५ हजार, त्यात सगळं)

पत्रिकावाला_कराड
नमस्कार मंडळी. बाबांच्या काळापासून आमचं घरातच लग्नपत्रिका आणि बिलबुकांचं स्क्रीन प्रिंटिंग आहे, एक टेबल, दोन बिजागरी क्लॅम्प, बास. आता पत्रिका व्हॉट्सॲपवर जाते, छापतात ती पन्नास-शंभर, देवापुढं ठेवायला आणि मामाला द्यायला. म्हणून टी-शर्ट आणि कापडी पिशव्यांकडं वळायचं म्हणतोय. गणपतीच्या दोन मंडळांची ऑर्डर जवळपास पक्की आहे, दीडशे-दीडशे टी-शर्ट, दोन कलर.
इचलकरंजीत एक जण धंदा बंद करतोय, त्याच्याकडं फोर कलर फोर स्टेशनचं मशीन आहे (मधल्या शाफ्टभोवती स्क्रीन धरणारे चार आर्म आणि टी-शर्ट चढवायचे चार बोर्ड), लोखंडी, बरंच गंजलेलं. २२ हजार म्हणतोय. माझं बजेट २५, त्यातच टेम्पो आणि दुरुस्ती. व्हिडिओत दोन आर्म ढिले वाटले. बघायला गेल्यावर नेमकं काय तपासू? आणि कृपा करून डीटीएफ (फिल्मवर डिजिटल प्रिंट काढून ती हीटनं कापडावर चिकटवायची) सुचवू नका.

डिजिटल_पुणे
डीटीएफ घ्या. म्हणजे मशीन नका घेऊ, मीटरवर प्रिंट मागवा आणि घरी हीट प्रेसनं चिकटवा. ३०० टी-शर्टसाठी कोण स्क्रीन धुवत बसतंय आजकाल.

पत्रिकावाला_कराड
😐

स्क्विजी_मामा
३१ वर्षं झाली या धंद्यात. जुनं मशीन घ्यायचंच नाही. मी एकदा घेतलं होतं, विकणारा म्हणाला चालू कंडिशन, आणून बघतो तर मधला शाफ्टच झिजलेला. बेअरिंग बदललं, परत ढिलं. परत बदललं, परत ढिलं. शेवटी भंगारात किलोनं घातलं. आता माझ्याकडं नवीन आहे, सहा कलर, मायक्रो सेटिंगवालं (स्क्रीन बारीक-बारीक सरकवून जुळवता येते), ६८ हजाराला पडलं, पाच वर्षांत पाना लावला नाही. थोडे पैसे जमव आणि नवीन घे.

वेल्डर_शिरोळ
मामा त्याचं बजेट २५ आहे, तुम्ही ६८ चं काय सांगताय.
भावा तू जा आणि बघ. स्क्रीन न लावता आर्म खाली घे, लॉकमध्ये बसू दे, मग टोकाला धरून डावी-उजवीकडं हलव. हललं तर दोन कारणं. एक, लॉकचं बेअरिंग (आर्म खाली येतो तेव्हा दोन पट्ट्यांच्या मध्ये बसतं ते बारकं) झिजलंय, ते स्वस्तात बदलतं, नंबर बेअरिंगवरच कोरलेला असतो, काढून दुकानात दाखवायचा. दुसरं, आर्मच्या मागच्या पिनचं भोक लंबगोल झालंय, ते बुश (भोकात बसवायची नळी) मारून घ्यावं लागतं, लेथवाल्याचं काम. आणि सगळेच आर्म एकदम एका बाजूला डुलत असले तर मात्र मामा म्हणतात तसा शाफ्ट. मग गप घरी यायचं.

अनघा_पिशवीवाली
आम्ही २०१८ ला प्लास्टिक बंदी झाली तेव्हा पिशव्या सुरू केल्या. पिशवीला चार कलर कशाला लागतात? आमच्या ९० टक्के ऑर्डर एका कलरच्या, दुकानाचं नाव आणि फोन नंबर. लाकडी टेबल आणि क्लॅम्पवर आजही दोन बायका मिळून दिवसाला चारशे काढतात. एक मात्र सांगते, प्लास्टिकच्या धाग्याच्या नॉनवोवन पिशवीवर प्लास्टिसोल (हीटनंच पक्की होणारी प्लास्टिकची इंक) लावू नका. त्याला पक्कं व्हायला १६० डिग्रीच्या आसपास हीट लागते आणि ती पिशवी त्या हीटला पापडासारखी आक्रसते. आमच्या पहिल्या दोनशे अशाच गेल्या, गिऱ्हाइकाच्या बहिणीच्या लग्नाच्या होत्या, विचारू नका काय काय ऐकलं.

रंगारी७७
प्लास्टिसोल घरात वापरायचंच कशाला पण. पिगमेंट (पाण्यातला रंग), बाइंडर (तो कापडाला धरून ठेवणारा), फिक्सर (पक्का करणारा), संपला विषय. पाण्यानं स्क्रीन धुते, रॉकेलचा वास नाही.

स्क्विजी_मामा
आणि उन्हाळ्यात तेच पिगमेंट स्क्रीनच्या जाळीत वाळून बसतं, पंचवीस शर्टांनंतर अर्धं अक्षर उमटतच नाही, ते नाही सांगितलंस.

रंगारी७७
पंखा बंद करा, मध्ये ओल्या फडक्यानं पुसा. ३१ वर्षांत एवढं नाही कळलं?

सोलापूरचा_बाळ्या
भांडू नका की. मूळ मुद्दा, जाळी कुठली घेणार ते ठरव आधी. मी १२० मागितली, दुकानदारानं १२०टी दिली. टी म्हणजे सेंटिमीटरला १२० धागे, इंचात मोजलं तर ३०५. पत्रिकेला उत्तम, पण टी-शर्टवर त्यातून रंगच उतरेना. मला हवी होती इंचाला १२० च्या जवळची, म्हणजे ४३टी ते ५५टी. जाळीचं बोल्टिंग कापड घेताना टी का इंच हे तोंडानं विचारून घे. तुझ्याकडं पत्रिकेच्या फ्रेम असतील त्या सगळ्या १२०टीच असणार, त्या टी-शर्टला चालणार नाहीत.

डिजिटल_पुणे
म्हणून म्हणतो डीटीएफ.

तिरुपूर_रिटर्न
तिरुपूरला चार वर्षं फ्लोअरवर होतो. टेस्ट सांगतो, बाकी सगळं विसरलास तरी चालेल. एक जुनी स्क्रीन सोबत ने ज्यात बारीक अधिकचं चिन्ह आहे. बोर्डवर कागद चिकटव, एक प्रिंट मार. आता बोर्ड पूर्ण गोल फिरवून परत त्याच आर्मखाली आण, परत मार. असं पाच वेळा. पाचही एकावर एक बसले तर मशीन गंजलेलं असलं तरी सोनं आहे. दोन-दोन रेघा दिसल्या तर रंगवलेलं चकचकीत असलं तरी भंगार. हे चारही आर्मवर कर, विकणारा वैतागला तर वैतागू दे.
बोर्ड प्लायचे आहेत का लोखंडी? प्लायचे असतील तर पट्टी उभी धरून बघ, हीटनं पोट आलेलं असतं. पोट आलेल्या बोर्डवर स्क्रीन आणि कापडात सारखी फट राहत नाही. ती साधारण २-३ मिलिमीटर पाहिजे, नाहीतर मधे डाग आणि कडेला फिकं.
आणि फ्लॅशचं (छापलेला थर जागेवरच वाळवणारा हीटर) काय? गडद टी-शर्ट असतील तर आधी पांढरा बेस मारून तो वाळवल्याशिवाय वर दुसरा कलर चढत नाही. ३ किलोवॅटचा फ्लॅश एकटाच १३ अँपिअर खातो. घरच्या जुन्या वायरिंगवर लावू नकोस.

स्क्विजी_मामा
मी पण हेच सांगणार होतो, गोल फिरवून टेस्ट कर.

वेल्डर_शिरोळ
सांगितलं नाही ना पण मामा 😂

कबड्डी_प्रेमी_सांगली
मी छापत नाही, छापून घेतो. मागच्या वर्षी आमच्या संघाच्या लाल जर्सीवर पांढरे नंबर मारून घेतले, मॅचच्या दिवशी बॅग उघडली तर सगळे नंबर गुलाबी. पोरं अजून आम्हाला गुलाबी गँग म्हणतात. हे कशामुळं होतं?

तिरुपूर_रिटर्न
जर्सी पॉलिस्टरची असणार. जास्त हीट दिली की कापडाचा लाल रंग सुटून पांढऱ्या इंकमध्ये चढतो, कधी लगेच, कधी दोन दिवसांनी. कमी तापमानाची इंक मिळते, ती वापरायची, नाहीतर सब्लिमेशनवाल्याकडं (पांढऱ्या पॉलिस्टरमध्ये हीटनं रंग मुरवतो) जायचं. कराडवाल्या, कॉटनवरच सुरुवात कर.

अनघा_पिशवीवाली
पावसाचं कोणी बोललं नाही. आषाढ लागलाय. इमल्शन (उजेडानं कडक होणारा लेप, त्यातच डिझाइन उमटवतात) लावलेली स्क्रीन या हवेत वाळतच नाही, वरून कोरडी वाटते, एक्सपोज करून (उजेड देऊन) पाणी मारलं की अख्खी वाहून जाते. आम्ही जुन्या कपाटात पिवळा बल्ब आणि छोटा पंखा बसवलाय, आत रात्रभर ठेवतो. उन्हात एक्सपोज करायची सवय असेल तर दोन महिने विसरा, ट्यूबलाइटची पेटी करून घ्या. आणि इमल्शनमध्ये मिसळायचं बायक्रोमेट हातमोजे घालून हाताळा. आमच्याकडं एका बाईच्या हाताची कातडी निघाली होती.

रंगारी७७
+१ हातमोजे. जुन्या लोकांना याचं काही वाटत नाही.

स्क्विजी_मामा
माझे हात बघ, काय झालंय? (बोटं पिवळी आहेत, ते मान्य.)

पत्रिकावाला_कराड
सगळ्यांचे आभार. रविवारी जातोय. अधिकच्या चिन्हाची स्क्रीन तयार केली, ४३टीवर.

पत्रिकावाला_कराड
अपडेट, उशीर झाला. बघून आलो. १ आणि ३ नंबरचे आर्म पाचही वेळा एकावर एक. २ नंबरला डबल रेघ, ४ नंबरचं तर मागचं भोक एवढं लंब की करंगळी जाईल. शाफ्ट चांगला. प्लायचे दोन बोर्ड सपाट, दोनांना पोट. एवढं सगळं त्याच्यासमोरच मोजत बसल्यावर तो स्वतःच खाली आला, १६,५०० ला दिलं, छोट्या हत्तीचे १,८०० वेगळे.

वेल्डर_शिरोळ
झकास. भोकाला बुश मारून घे, दोन्ही आर्म लाइनीत येतील. गंजाला आधी रॉकेल आणि तारेचा ब्रश, मग रेड ऑक्साइड.

स्क्विजी_मामा
घ्यायला नको होतं.

तिरुपूर_रिटर्न
बुश कर आणि चारही लॉकची बेअरिंग एकदमच बदल, कंजूषपणा करू नको. आणि फ्लॅश घे.

पत्रिकावाला_कराड
नाही. दोन खराब आर्म मी काढून टाकले. पूर्ण. १ आणि ३ समोरासमोर आहेत म्हणून वजन पण एका बाजूला पडत नाही. मला दोनच कलर लागतात, चार नीट करायला लेथवाल्यानं चार हजार सांगितले, ते कशाला घालू. बोर्ड पण दोनच ठेवले. फ्लॅश पण नाही घेतला. मंडळाच्या पोरांना मरून टी-शर्ट पाहिजे होता, त्यांना पिवळ्यावर आणलं, त्यावर लाल आणि काळा बेस न मारता चढतो, डिझाइनमध्ये दोन कलर एकमेकांना चिकटत नाहीत असं करून घेतलं. पिगमेंट आणि फिक्सर. हीट द्यायला मित्राचा मग-प्रिंटिंगच्या दुकानातला टी-शर्ट प्रेस, रात्री आठनंतर. चाळीस शर्ट झाले, एक स्वतः तीनदा धुऊन बघितला, रंग तसाच.

तिरुपूर_रिटर्न
चार हातांचं मशीन घेऊन दोन हात तोडणारा पहिला माणूस बघितला.

रंगारी७७
पिगमेंट! मामा वाचलं का?

डिजिटल_पुणे
मरून टी-शर्ट डीटीएफवर झाला असता.

सोलापूरचा_बाळ्या
ते काढलेले दोन आर्म ठेवलेत का टाकले? माझ्या मशीनचा एक वाकलाय, भोक मी करून घेईन. चौकोनी पाइप आहे का गोल, आणि लांबी मोजून सांग.