मदत हवी आहे: ईस्टर आयलंड (रापा नुई), चार दिवस कसे लावावेत?

जानेवारीत चिलीतल्या सँटियागोहून चार रात्रींसाठी जायचं ठरतंय. दोघांचीही साठी उलटलीय. सपाटीवर चालतो, चढ जपून. सगळीकडे गाइड लागतो का? तोंगारिकीचा (ओळीने उभे मोआई, म्हणजे दगडी पुतळे) सूर्योदय आणि रानो राराकू (मोआई कोरले ती दगडखाण) एकाच दिवशी जमेल का?

प्रतिसाद १
आधी कागद. विमानात चढण्यापूर्वी बेटाचा ऑनलाइन प्रवेश फॉर्म भरावा लागतो. सोबत परतीचं तिकीट आणि पर्यटन खात्याकडे नोंद असलेल्या हॉटेलचं बुकिंग लागतं. ॲपवर स्वस्तात मिळालेल्या खोलीची नोंद नसेल, तर अडकाल. आधी विचारून घ्या.

बेटावरच्या राष्ट्रीय उद्यानाचं (पुतळ्यांच्या जागा त्यातच येतात) तिकीट 10 दिवस चालतं, पण रानो राराकू आणि ओरोंगोला (रानो काऊ ज्वालामुखीच्या कडेवरचं जुनं दगडी घरांचं गाव) एकदाच सोडतात. लोक फसतात ते इथेच. ढगाळ दिवशी खाण उरकून टाकतात, दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं की हळहळतात. बहुतेक जागांना स्थानिक मान्यताप्राप्त गाइड सक्तीचा आहे. गावालगतच्या ताहाईला नाही, त्यामुळे पोचल्या संध्याकाळी तिथला सूर्यास्त बघा.

प्रतिसाद २
एकाच दिवशी नक्की जमेल, तोंगारिकी खाणीवरून दिसतंच. जानेवारीत सूर्य 15 मोआईंच्या पाठीमागून उगवतो. जून-जुलैत तो पार डावीकडे सरकतो. पण सकाळी चेहरे काळेच दिसणार, कारण मोआई समुद्राला पाठ करून उभे आहेत. नाक-ओठ नीट बघायचे तर दुपारनंतर पुन्हा चक्कर मारा, इथे एकदाच सोडण्याची अट नाही.

रानो राराकूला घाई नको. उतारावर नुसती डोकी दिसतात, पण धड खाली मातीत आहे. वरून माती घसरत येऊन ते गाडले गेलेत. वरच्या अंगाला सुमारे 21 मीटरचा एक मोआई अजून कातळातून सुटलेलाच नाही. हा दगड म्हणजे दाबली गेलेली ज्वालामुखीची राख. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टपेक्षा खूप मऊ, म्हणून तर बेसॉल्टच्या हत्यारांनी कोरता आला.

प्रतिसाद ३
साठीच्या हिशेबाने: ओरोंगोपर्यंत गाडी जाते, रानो काऊचं विवर कडेवरूनच दिसतं. वारा मात्र टोपी उडवणारा, टोपीला बंद हवाच. सावली जवळपास नाहीच, पाणी गावातून भरून न्या.

आणि पायाखाली बघा. पडझड झालेला आहू (मोआई ज्यावर उभे करत तो दगडी चौथरा) दगडांच्या साध्या ढिगासारखा दिसतो, फोटोच्या नादात माणूस सहज वर चढतो. आहूवर पाय ठेवायला आणि मोआईला हात लावायला सक्त मनाई आहे.

धागाकर्ती
म्हणजे खाणीचा दिवस आधी ठरवायचा नाही, आकाश बघून ठरवायचा. गाइडला तसंच कळवते.