मदत हवी आहे: ६५० ट्विनला फ्युएल कंट्रोलर बसवू का?

नमस्कार मंडळी,

माझी ६५० सीसीची ट्विन (दोन सिलिंडरची) आहे, २०२१ चं बीएस ६ मॉडेल, २३ हजार किलोमीटर झालेत. मार्चमध्ये दोन्ही सायलेन्सर काढून त्या जागी स्लिप-ऑन (बाजारातले सायलेन्सर) बसवले. पुढचे बेंड पाइप आणि एअर फिल्टर मूळचेच आहेत. तेव्हापासून गावात गाडी चालवणं नको झालंय. दुसऱ्या गिअरमध्ये अडीच-तीन हजार आरपीएमला धरली की ठसके देते. ॲक्सिलेटर सोडला की मागून फटाके. (पहिले चार दिवस भारी वाटलं, खोटं कशाला बोलू. आता गल्लीतले आजोबा गॅलरीत येऊन बघतात.) दसरा चौकाच्या सिग्नलला मांड्या शेकून निघतात. आणि गगनबावड्याच्या रस्त्याला लागून आरपीएम चार हजारांच्या वर गेला की हीच गाडी लोण्यासारखी पळते!

दुकानदार म्हणतो, "लीन चालतीय, कंट्रोलर लावा, विषय संपला." (लीन म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय, आणि कंट्रोलर म्हणजे पेट्रोलची मात्रा बदलणारा डबा.) बसवण्यासकट १२ हजार सांगितलेत. परवा प्लग काढून बघितले, तर डावा बिस्किटाच्या रंगाचा (म्हणजे ठीक) आणि उजवा पांढराफटक (म्हणजे पेट्रोल कमी). म्हणजे लीन आहे हे खरंच असावं.

१२ हजार माझ्यासाठी थोडे नाहीत, बायकोला अजून बोललेलो नाही. शिवाय आता पंपावर सगळीकडे ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल). त्यामुळे गाडी आणखी लीन होते का? कंट्रोलर घेऊ, की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) रिमॅप करू, म्हणजे त्यातलं पेट्रोलचं गणितच बदलून घेऊ, की मुकाट सायलेन्सर परत बदलू?

प्रतिसाद १
डोळे झाकून घे भावा. मी माझ्या सिंगलला रेस डायनॅमिक्सचं फ्युएलएक्स लावलंय. स्विच दाबला की मॅप (पेट्रोलच्या मात्रेचं गणित) बदलतो, गाडी शांत झाली. ॲव्हरेज थोडं पडलं, चालायचंच.

प्रतिसाद २
थांबा हो. एक प्लग पांढरा आणि एक बिस्किटी, यातच अर्धं उत्तर आहे. स्लिप-ऑनमुळे किंवा ई२० मुळे लीन झाली असती, तर दोन्ही प्लग सारखे दिसले असते. तुमचा एकच सिलिंडर उपाशी आहे. दोन्ही इंजेक्टरची (पेट्रोल फवारणारे भाग) वेळ सारखीच वाढवलीत, तर उजवा जेमतेम सुधारेल आणि डावा काजळी धरेल. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

कंट्रोलर काय करतो तेही बघा. तो ईसीयू आणि इंजेक्टर यांच्या मध्ये बसतो आणि इंजेक्टर उघडा राहण्याची वेळ कमी-जास्त करतो. पण तुम्हाला त्रास होतो त्या हळू, एकसारख्या चालीत ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं (तो धुरात उरलेला ऑक्सिजन मोजतो) ऐकत असतो. तुम्ही पेट्रोल वाढवलंत की सेन्सर 'जास्त झालं' सांगतो आणि ईसीयू ते परत कापतो. म्हणून तिथे परिणाम हवा असेल, तर सेन्सरचा सिग्नलही बदलणारं मॉडेल लागतं. मूठ पिळल्यावर मात्र सेन्सर बाजूला पडतो आणि कंट्रोलरची मात्रा लागू पडते. पण तिथे तर तुमची तक्रारच नाही.

ई२० चं म्हणाल, तर साध्या पेट्रोलला १ भागाला १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५ (वजनानं). म्हणजे मात्रा तीच ठेवली तर गाडी थोडी लीन होईल. पण सेन्सरला इथेनॉल कळत नाही, उरलेला ऑक्सिजन कळतो, त्यामुळे या चालीत ईसीयू ते आपसूक सांभाळून घेतो.

आता सांगा, सायलेन्सर बदलले त्या दिवशी गाडीवर आणखी काय काम केलं?

धागाकर्ता
सर्व्हिसिंग पण त्याच दिवशी केलं होतं. टाकी उतरवून थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ केली. हे लिहायचं राहिलंच.

प्रतिसाद २
राहिलंच! अहो, हेच आधी सांगायचं. इंजिन गार असताना सुरू करा, आयडलला (मूठ न पिळता) राहू द्या आणि थ्रॉटल बॉडी ते सिलिंडर हेड यांच्या मधल्या रबरावर कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारा. आरपीएम हलला, तर तिथून हवा ओढतेय. ते नसेल, तर व्हॅक्यूम गेज लावून दोन्ही थ्रॉटल बॉडी सिंक करून घ्या, म्हणजे दोन्हीकडे हवा सारखी जाईल. त्याआधी व्हॉल्व्ह क्लिअरन्सही (व्हॉल्व्हपाशी ठेवलेली बारीक फट) बघून घ्या.

धागाकर्ता
रविवारी केलं. उजव्या बाजूला फवारा मारला आणि आरपीएम लगेच हलला. टाकी उचलून बघितली, तर रबराची क्लिप बोटानं फिरत होती. स्क्रू दीड आटा आवळला. स्टेशन रोडवरून दोन चकरा मारल्या, ठसके गेले! इतके महिने त्या क्लिपपायी मी क्लच दाबत फिरत होतो.

सिग्नलला तापणं आहे तसंच आहे. फटाके कमी झालेत, पण डाव्या बाजूनं अजून येतात.

प्रतिसाद २
एवढं मोठं हवेवर थंड होणारं इंजिन उभ्या जागी तापणारच, त्याला कंट्रोलर काय करणार. फटाक्यांसाठी डावा स्लिप-ऑन बेंडला जिथे जोडलाय तो सांधा बघा. गार इंजिन सुरू करून साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गळती आहे. तिथून आत शिरणारी ताजी हवाच ते फटाके फोडते.

धागाकर्ता
आत्ताच लावलं. फेसच फेस! दुकानदाराला सध्या कंट्रोलर नको म्हणून कळवलंय. आता एकच विचारतो: त्या सांध्यातलं जुनंच गॅस्केट परत बसवून चालेल, की नवीन आणू?