१४ वर्षांच्या मुलीला पहिला न मिटणारा चाकू – कुठला घेऊ?

टिळकवाडीची_आई
नमस्कार. माझी लेक नववीत आहे, १४ पूर्ण झाली. तिच्या मामाचं जांबोटीकडं काजूचं शेत आहे, सुट्टी पडली की ही तिकडंच, आणि तिथं मामाच्या एका जुन्या सुरीनं लाकडं कोरत बसते. भोवरा, चमचे, विटी, काय काय. मे महिन्यात आंब्याच्या फांदीचं एक उलथणं करून आणलं तिनं, जरा वाकडं आहे पण मी रोज तेच वापरते. आता म्हणते मला माझा स्वतःचा चाकू पाहिजे, फिक्स ब्लेडवाला. यूट्यूबवर बघून एक पसंत पण केलाय, मोठा आहे, पाठीवर करवतीसारखे दाते, मुठीच्या टोकाला होकायंत्र आणि आत काडेपेटी ठेवायला पोकळी.
मला ह्यातलं काही कळत नाही. मामाच्या सुरीचं पातं मुठीत हलतं, वरनं चिंधी गुंडाळलीय, ते बघून पोटात गोळा येतो. सासूबाई म्हणतात पोरीच्या हातात चाकू कशाला. मला नाही म्हणायचं नाहीये, पण चुकीचा पण घ्यायचा नाहीये. लांबी किती, लोखंड कुठलं, आणि मिटणारा छोटा घेतला तर जास्त बरं पडेल का? कृपया सांगा.

जांबोटीकर
ताई, पहिलं काम, ती हलणारी सुरी आजच भावाला फोन करून बाजूला काढायला सांगा. नवीन कधी घ्यायचा ते नंतर बघू.
मिटणारा नको. साधे मिटणारे चाकू लॉक होत नाहीत, जोर चुकीच्या बाजूनं पडला की पातं बोटावर मिटतं, आणि कोरताना जोर तसाच पडतो. न मिटणारा त्या मानानं साधा, हलणारा भागच नाही त्यात. तुमच्या मुलीला हे कळलंय म्हणजे ती काम करणारी आहे.
पण तिनं बघितलेला तो दातेवाला अजिबात नको. मूठ पोकळ म्हणजे पातं मुठीत जेमतेम इंचभर शिरलेलं असतं, जोर आला की तिथंच तुटतं. आणि कोरताना डाव्या हाताचा अंगठा पात्याच्या पाठीवर ठेवून ढकलायचं असतं, बारीक काम सगळं त्याच पद्धतीनं होतं. पाठीवर दाते असले तर अंगठा ठेवायचा कुठं?
पातं साडेतीन ते चार इंच, तिच्या तळहाताच्या रुंदीएवढं धरा. जाडी दोन-अडीच मिलिमीटर. जाड पातं लाकडात शिरत नाही, फाडत जातं. मूठ तिच्याच हातात देऊन बघा, मोठ्या माणसाच्या मापाची नको. मूठ आवळल्यावर बोटांची टोकं तळव्याला जेमतेम टेकली पाहिजेत. आणि पात्याच्या बुडाशी बोट पुढं घसरू नये म्हणून उंचवटा पाहिजेच, ओल्या हातानं तो फार कामाला येतो.
लोखंड स्टेनलेसच घ्या. आपल्याकडं जूनपासून जो पाऊस लागतो त्यात कार्बन स्टील रात्रीत तांबडं होतं.

निपाणीचा_शेतकरी
कंपनीचं कशाला पायजे? आमच्याकडं ऊसाचे कोयते, खुरपी, विळं सगळं लोहाराकडनंच, ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचं लोखंड, एकदा पाणी नीट दिलं की पिढी जाते बगा. माझ्या आज्ज्याची सुरी अजून घरात हाय. लोहारासमोर बसून पोरीच्या हाताच्या मापानं करून घ्या, तिलाबी कळंल वस्तू कशी घडती ती.

जांबोटीकर
दादा, लोहाराचं काम मलाही लई आवडतं, माझा कोयता तसाच आहे. पण पाट्याचं लोखंड मुळात जाड, कोयत्याला ते बरोबर कारण त्यात वजन लागतं. चमचा कोरायला ते पातळ करावं लागतं, आणि नुसत्या ग्राइंडरवर घाईनं पातळ केलं की तापून पाणी उतरतं, म्हणजे पात्याचा कडकपणा जातो. धार निळी पडलेली दिसली की समजायचं गेलं. ओळखीचा, हात चांगला असलेला लोहार असेल तर जरूर करून घ्या. पहिला मात्र तयार घ्या असं माझं मत, दुसरा लोहाराकडनं.
नाव सांगायचं तर स्वीडनमधल्या मोरा गावचे मोराकनिव्ह कंपनीचे चाकू. त्यातलं कंपॅनियन स्टेनलेसमध्ये मिळतं, पातं १०.४ सेंटिमीटर, जाडी अडीच मिलिमीटर, रबरासारखी मूठ आणि प्लास्टिकचं म्यान. पातं मुठीच्या शेवटपर्यंत जात नाही म्हणून काही लोक नाव ठेवतात, पण हातानं कोरायला काही फरक पडत नाही, फक्त पाठीवर लाकूड हाणून सरपण फोडायचं नाही. लहान मुलांसाठी गोल टोकाची मॉडेल पण आहेत त्यांची. तुमची मुलगी १४ ची, तिला टोकाचं चालेल, भोक पाडायला टोक लागतंच.

कॅम्पातले_काका
घेण्याआधी कायद्याचं थोडं वाचा. आर्म्स ॲक्ट १९५९ खालच्या नियमांत पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असलं की हत्याराच्या यादीत येतं, घरगुती आणि शेतीची अवजारं सोडून. चार इंची त्यात बसत नाही. तरी गावात, बसमध्ये, शाळेच्या दप्तरात चाकू न्यायचा नाही, हे तिला बसवून स्पष्ट सांगा. जांबोटीला जाताना मोठ्या माणसाच्या बॅगेत, म्यानात, कपड्यांच्या तळाशी.
आणखी एक, जे ट्रेकवाली पोरं हमखास विसरतात. जांबोटीच्या पुढं भीमगड अभयारण्य आहे. वन्यजीव कायदा १९७२ मध्ये शस्त्राच्या व्याख्येत चाकू शब्द सरळ लिहिलेला आहे, आणि परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही. तेव्हा मामाच्या शेतात चालेल, जंगलात फिरायला निघाली की चाकू घरी.

टिळकवाडीची_आई
काका हे खरंच माहिती नव्हतं, ते लोक दरवर्षी कणकुंबीकडं फिरायला जातात. मामाला आत्ताच कळवते.
सासूबाईंना काय सांगू पण?

शाळेतल्या_बाई
ताई, सासूबाईंना विचारा, घरात विळीवर नारळ कोण खवतं? माझी पुतणी दहाव्या वर्षापासून विळीवर बसते तेव्हा कुणाला भीती वाटली नाही. विळीचं पातं उघडं, पायाशी, म्यान पण नाही. ह्याच्यापेक्षा चाकू तर आवरता येतो. मुलीला कोरायला आवडतं ही किती चांगली गोष्ट आहे, तिला थांबवू नका.
पण शिकवल्याशिवाय पण देऊ नका, हे मी स्वतःच्या घरचं बघून सांगते. माझ्या मुलानं मांडी घालून, मांडीवर लाकूड धरून कापलं, चाकू बोथट होता म्हणून जोर लावला, सटकला तो सरळ मांडीत. पाच टाके. आतल्या बाजूला अजून थोडं गेलं असतं तर मोठी शीर आहे तिथं, आठवलं की अजून हात गार पडतात. चूक माझी होती, मी चाकू दिला आणि स्वयंपाकाला निघून गेले.
तेव्हापासून आमच्याकडं असं आहे. स्टुलावर बसायचं, कोपरं गुडघ्यावर, लाकूड गुडघ्यांच्या पुढं, पातं अंगापासून लांब जाणार. आधी चाकू म्यानात ठेवून हात लांब करून गोल फिरवून बघायचा, त्या गोलात कुणी आलं की काम बंद. उठायचं असलं की आधी म्यानात. दुसऱ्याला देताना खाली ठेवायचा, त्यानं उचलायचा. पहिले दोन-तीन महिने चाकू माझ्या कपाटात होता, मी शेजारी बसले तरच बाहेर. आणि बोथट झाला की कोरणं बंद, आधी धार.
कापलंच तर स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरायचं, हात वर, दर मिनिटाला उघडून बघायचं नाही. रक्त थांबत नसेल किंवा जखम खोल असेल तर लगेच दवाखाना, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते विचारून घ्या.

टिळकवाडीची_आई
बाई, वाचून अंगावर काटा आला, पण लिहिलंत ते फार बरं केलंत. विळीचं मी सासूबाईंना म्हटलं, काही बोलल्या नाहीत, मग रात्री स्वतःच विचारलं की म्यान घट्ट असतं का त्याचं.
कंपॅनियनच घेते, स्टेनलेस. लेक थोडी नाराज होती दात्यांसाठी, तिला अंगठ्याचं सांगितल्यावर लगेच पटलं, सुरी घेऊन तिनं करूनच दाखवलं मला. (स्वयंपाकघरातली. मामाची सुरी मामानं काढून ठेवली.)
शेवटचे दोन प्रश्न. धार घरी लावता येते का? आणि सुरुवातीला लाकूड कुठलं द्यावं?

जांबोटीकर
सासूबाईंना सांगा, घेताना म्यान उलटं धरून हलवून बघायचं, चाकू पडला नाही पाहिजे.
धार घरीच लावा, सायकलवर साण घेऊन फिरतात त्यांच्याकडं नको, वर लिहिलं तसं तापतं. हजार नंबरचा पाण्याचा दगड घ्या. मोराच्या पात्याला धारेकडं एक सपाट रुंद उतार असतो, तो उतार पूर्ण दगडावर टेकवायचा आणि तसाच फिरवायचा, कोन अंदाजानं धरावा लागत नाही. पोरांना ते दोन दिवसांत जमतं. काम झालं की पुसून, वाळवून म्यानात. पुढं कधी चामड्याचं म्यान केलंत तर पावसाळ्यात चाकू त्यात ठेवू नका, चामडं ओल धरतं.
लाकूड पांगाऱ्याचं द्या, एकदम मऊ, फक्त साल काट्याची असते ती मामानं काढून द्यावी. नाहीतर आंब्याची किंवा पेरूची ताजी ओली फांदी. वाळलेलं नको, आणि बांबू तर सुरुवातीला नकोच, त्याची चीर पात्यासारखी कापते. आधी नुसती साल काढू दे, मग टोक करू दे, मग विटी. चमच्याचा खड्डा सरळ पात्यानं होत नाही, त्याला वाकडा चाकू वेगळा लागतो, ती मागेल तेव्हा बघा.