राज्यशास्त्र शिकून राजकारण कळतं का?

फोंडेकर: मुलगी बारावीनंतर राज्यशास्त्र घेऊन बी.ए. करीन म्हणते. मला पटत नाही. राजकारण तिठ्यावर आणि बूथवर कळतं. सप्टेंबर २०२२मध्ये आपल्या गोव्यात काँग्रेसच्या ११ पैकी ८ आमदारांनी भाजपची वाट धरली, हे कुठल्या शास्त्रात बसतं? मोकळेपणी सांगा.

डिचोलीची शिक्षिका: बसतं ना. आठच का गेले, हे विचारा. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, पक्षाचं विलीनीकरण दाखवून आमदारकी वाचवायची तर दोन तृतीयांश आमदार लागतात. अकराचे दोन तृतीयांश सातच्या वर, म्हणजे आठ. जुलै २०१९मध्ये १५ पैकी १० गेले, तोही हाच हिशेब. १९८५च्या मूळ कायद्यात एक तृतीयांश फुटीलाही मुभा होती, ती २००३ साली काढली. तेव्हा किरकोळ फुटायचे, आता घाऊक जातात. नियम बदलला की माणसं कशी वागतात, हेच मी वर्गात शिकवते.

मांद्रेकर: बाई, हा हिशेब त्या आमदारांना पदवीशिवाय पाठ होता! माझ्या आजोबांना सही येत नव्हती. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात गोवा महाराष्ट्रात विलीन व्हायला फूल, वेगळं राहायला दोन पानं, अशी चिन्हं होती. त्यांनी फुलाला मत दिलं. त्यांची बाजू ३४,०२१ मतांनी हरली, पण फूलच का, हे ते मरेपर्यंत सांगत.

डिचोलीची शिक्षिका: सांगत असतील, आणि ते मोलाचं आहे. पण १९६३ला गोव्याने विलीनीकरण मागणाऱ्या मगोला, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला सत्ता दिली, जानेवारी ६७ला विलीनीकरण नाकारलं आणि दोन-अडीच महिन्यांत त्याच मगोच्या भाऊसाहेब बांदोडकरांना पुन्हा निवडून दिलं. मतदार तेच! हे एकट्या आजोबांच्या सांगण्यावरून उलगडत नाही. कुळांचा प्रश्न, जात, धर्म, भाषा, तालुक्यातालुक्यांतली मतं, सगळं शेजारी मांडून बघावं लागतं.

मांद्रेकर: मांडा. आमच्या ग्रामसभेत डोंगरकापणीचा विषय होता. राज्यशास्त्र शिकलेला एक मुलगा पंचायत कायद्याची कलमं वाचत बसला, लोक जांभया देत होते. मग मागच्या बाकावरची म्हातारी उठली, "आमची झर सुकली, पाणी खंयचें हाडूं?" सगळी सभा उभी राहिली.

फोंडेकर: आणि ठराव कोणी लिहिला?

मांद्रेकर: त्या मुलानेच. सचिव टाळाटाळ करत होता, पण याने शब्द न् शब्द इतिवृत्तात घालून घेतला. ते मान्य. पण म्हातारी उठली नसती तर त्याला लिहायला होतं काय?