मदत हवी आहे : दर्यापूरकडून जवळ पडेल असा खाजगी नेफ्रोलॉजिस्ट

नमस्कार मंडळी,

वडिलांसाठी खाजगी प्रॅक्टिस करणारा किडनीचा डॉक्टर शोधतो आहे. गाव दर्यापूर तालुक्यातलं, त्यामुळे अकोला काय नि अमरावती काय, आम्हाला सारखंच. नागपूरचीही माहिती चालेल, पण तो पर्याय शेवटचा.

बाबा ६२ वर्षांचे आहेत. शुगर १४ वर्षांपासून, बीपी त्यानंतर लागलं. दोन वर्षांपूर्वी क्रिएटिनिन (किडनीनं बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, किडनी थकली की वाढतो) १.८ होतं, गेल्या वर्षी २.४ आणि या महिन्यात ३.२ आलं. लॅबच्या कागदावर ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज, २१ लिहिला आहे, म्हणजे पाचपैकी चौथी स्टेज. लघवीत प्रोटीन थ्री प्लस, हिमोग्लोबिन ९.१, पोटॅशियम ५.३. सोनोग्राफीत दोन्ही किडन्यांची इकोजेनिसिटी वाढलेली आहे, म्हणजे त्या नेहमीपेक्षा पांढुरक्या दिसतात. खडा नाही, कुठे अडथळा नाही. तालुक्याला आमचे फिजिशियन आहेत, माणूस चांगला. त्यांनी स्वतःच सांगितलं की आता नेफ्रोलॉजिस्टनंच बघितलं पाहिजे, उशीर करू नका.

पण बाबांना काही होतच नाही, हे अवघड आहे. जेवण ठीक, सकाळी वावरात चक्कर मारून येतात, संध्याकाळी पावलं थोडी सुजतात तेवढंच. 'मले काय झालं?' असं विचारतात तेव्हा त्यांना कागदावरचे आकडे दाखवून पटत नाही. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारं, आणि किडनीनं गेलेली माणसं प्रत्येकाला माहीत आहेत. त्यामुळे गावात किडनीचं नाव काढलं की लोक थेट डायलिसिस आणि मरणच बोलतात. बाबा त्या भीतीनंही दवाखाना टाळतात असं मला वाटतं. डॉक्टरांच्या मते त्यांच्या बाबतीत मुख्य कारण शुगर आणि बीपीच आहे.

सरकारी का नाही, हे कोणीतरी विचारेलच. सरकारीला माझा विरोध नाही, वेळ आली तर तिथेच जाणार आहोत. एका मोठ्या रुग्णालयात दाखवलं होतं. तपासणी नीट झाली, पण दर वेळी समोर नवीन डॉक्टर. पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं, एकानं दिलेली गोळी दुसऱ्यानं बदलायची. बाबा तिथे गप्प बसून राहिले आणि घरी येऊन म्हणाले, आता नाही जायचं. मला असा एकच माणूस हवा आहे जो दर दोन-तीन महिन्यांनी मागचे रिपोर्ट शेजारी ठेवून नवीन बघेल. आणि तो माझ्याशी नाही, बाबांशी बोलला पाहिजे. मिठाचं काय, वरणाचं काय, पाणी किती, हे त्यांच्या भाषेत सांगणारा.

तर विचारायचं ते असं. अकोला किंवा अमरावतीत असा कोणी अनुभवातला आहे का, नावं कृपया व्यनिनं (व्यक्तिगत निरोपानं) कळवा. डॉक्टर निवडताना नेमकं काय बघावं? नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतला मोठा दवाखाना गाठण्यात खरंच फायदा आहे का, की या स्टेजला जवळचाच बरा? आणि पुढे डायलिसिसची वेळ आली तर खाजगीत सुरू केलेले उपचार सरकारी आरोग्य योजनेत बसवता येतात का? आमच्याकडे साडेतीन एकर कोरडवाहू आहे. खर्चाचा अंदाज आधी असला तर जुळवाजुळव करता येईल.

मूर्तिजापूरकर : दादा, व्यनि केला आहे. एक युक्ती सांगतो. जिल्ह्याच्या गावी जे मोठे मेडिकल स्टोअर आहे, जिथे रक्त वाढवायचं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन मिळतं, तिथे विचारा की याच्या चिठ्ठ्या कोणाकडून येतात. कोणता नेफ्रोलॉजिस्ट कायम बसतो आणि कोण नागपूरहून महिन्यातून ठरावीक दिवशी येतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. व्हिजिटिंगवाले डॉक्टर वाईट नसतात, माझ्या काकूंचं तसंच चालू आहे. फक्त मधल्या काळात पोटॅशियम वाढलं, श्वास लागला, तर कोणाला फोन करायचा हे पहिल्याच भेटीत विचारून ठेवा. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा बघा.

तालुका_फिजिशियन : तुमच्या डॉक्टरांनी योग्य वेळी पाठवलं आहे. ईजीएफआर ३० च्या खाली गेला की नेफ्रोलॉजिस्टची गाठ पडायलाच हवी.

पाटीवर डीएम नेफ्रोलॉजी किंवा नेफ्रोलॉजीतलं डीएनबी ही पदवी असावी. यूरोलॉजिस्ट वेगळा, तो सर्जन, खडा आणि प्रोस्टेटसाठी. खेड्यातून येणारे बरेच रुग्ण आधी तिकडे जातात आणि दोन महिने वाया जातात. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येते.

नागपूरबद्दल माझं स्पष्ट मत : या स्टेजला नियमित जाणं होईल तोच डॉक्टर चांगला. बीपी, शुगर, रक्त, पोटॅशियम यांवर लक्ष ठेवण्याचं काम आहे, त्याला मोठी यंत्रं लागत नाहीत. निदानाबद्दल शंका असेल, बायोप्सी करायची असेल किंवा प्रत्यारोपणाचा विचार असेल, तेव्हा नागपूर.

भेट होईपर्यंत दोन गोष्टी. अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन अशी कुठलीही गोळी किंवा इंजेक्शन नको. वेचणीच्या दिवसांत गावोगाव हेच चालतं आणि किडनीला ते फार महागात पडतं. भस्म, काढे, 'किडनी साफ करणारी' पुडीही नको. दुसरं, बाबा मेटफॉर्मिन घेत असतील तर ईजीएफआर ३० च्या खाली ती चालत नाही, तुमच्या फिजिशियनना याच आठवड्यात दाखवा. बीपीची टेल्मिसार्टनसारखी गोळी असेल तर तिनं पोटॅशियम वाढेल या भीतीनं मनानं बंद करू नका, ते डॉक्टर ठरवतील.

धागाकर्ता : डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. मेटफॉर्मिन चालू आहे. उद्याच फोन करतो. गुडघ्यासाठी लाल गोळीही अधूनमधून घेतात, ती आजपासून बंद.

डायलिसिस_टेक्निशियन : मी युनिटमध्ये काम करते, म्हणून हात जोडून एक सांगते. बाबा उजव्या हातानं काम करत असतील तर डावा हात आतापासून जपा. त्या हातातून रक्त काढू देऊ नका, सलाईन लावू देऊ नका. पुढे डायलिसिस लागलं तर फिस्टुला, म्हणजे शीर धमनीला जोडायचं ऑपरेशन, त्याच हातात करतात. ते लहान असतं, पण ती शीर फुगून सुई टोचण्याजोगी व्हायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात, कधी जास्तही. आमच्याकडे खेड्यातून येणाऱ्यांपैकी फार जणांची शीर तयार नसते. मग घाईत मानेत नळी टाकावी लागते, तिला जंतुसंसर्गाचा धोका जास्त. थोडं अशक्त वाटलं की गावच्या दवाखान्यात सलाईन चढवून घ्यायची आपल्याकडची पद्धत तर दोन्हीकडून मारते. शिरा खराब होतात आणि शरीरात पाणी साठतं.

म्हणून डॉक्टर निवडताना विचारा की फिस्टुलाचा विषय ते कधी काढतात आणि कोणत्या सर्जनकडे पाठवतात. जो म्हणतो 'तेव्हाचं तेव्हा बघू', त्याच्याकडे मी माझ्या वडिलांना नेलं नसतं. हेपॅटायटिस बीची लस घेतली आहे का तेही विचारा, ती आधी सुरू केलेली बरी. आणि शीर तयार ठेवणं म्हणजे उद्या डायलिसिस असं नाही. नीट सांभाळलं तर चौथ्या स्टेजला बरीच वर्षं राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. हे बाबांना नक्की सांगा.

चांदूरबाजारचा_भाऊ : भाऊ, पैशाचं मी सांगतो, माह्या मोठ्या भावाचं सगळं केलं आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसते, कुटुंबाले वर्षाले ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण बाहेरची तपासणी, फी आणि रोजच्या गोळ्या त्यात नाही येत, तो खर्च आपलाच. म्हणून खाजगी डॉक्टर पाहतानाच पाहा का तो ज्या हॉस्पिटलात जाते ते योजनेच्या यादीत आहे का नाही. असलं तर डॉक्टर तोच राहते आणि डायलिसिस योजनेत होते. आमचं तसंच जमलं. तिथं आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसते, त्याले आधीच भेटून कागद दाखवून घ्या. रेशनकार्डावर आणि आधारवर नाव एकसारखं पाहिजे. आमचं स्पेलिंगमुळं अडलं होतं.

नाहीच जमलं तर अमरावतीचं सुपर स्पेशालिटी आहे, विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय म्हणतात ते. तिथं किडनीचं प्रत्यारोपणही झालेलं आहे, त्यामुळं सरकारी म्हणून नाक मुरडू नका. डायलिसिसच्या रुग्णाले साध्या एसटीत सवलत आहे, तेही विचारून घ्या.

धागाकर्ता : सगळ्यांचे आभार. व्यनितून तीन नावं आली, त्यातली दोन अकोल्याची. एक जण रोज बसणारे आहेत आणि त्यांचं हॉस्पिटल योजनेत असल्याचं फोनवर कळलं, म्हणून पुढच्या मंगळवारची वेळ घेतली. टेक्निशियन ताईंचं उत्तर बाबांना वाचून दाखवलं. 'बरीच वर्षं' हे शब्द त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावले आणि येतो म्हणाले.

एकच उरलं. सोबत काय काय न्यावं? रिपोर्टची फाइल आहे, पण जुन्या चिठ्ठ्यांपैकी निम्म्या गहाळ आहेत.

तालुका_फिजिशियन : चिठ्ठ्या नसल्या तरी हरकत नाही. घरात असलेली सगळी औषधं पाकिटांसकट पिशवीत घालून न्या, गुडघ्याची लाल गोळीसुद्धा. क्रिएटिनिनचे तिन्ही आकडे तारखांसह एका कागदावर लिहा. बीपी मंगळवारपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ मोजून त्याच कागदावर खाली टिपा. मशीन नसेल तर उपकेंद्रात मोजून मिळेल. लघवीतून प्रोटीन नेमकं किती जातं हे सांगणारी अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो ही तपासणी झालेली दिसत नाही, ती ते सांगतीलच, त्यामुळे आधी वेगळा खर्च करू नका. रक्त द्यायची वेळ आली तर उजवा हात पुढे करा.