मदत हवी आहे: लिनन-बांबूच्या कपड्यांची पाहणी, बांबूचं काय करावं?

ठाण्यात गोखले रोडवर १८ ते २५ वयाच्या मुलामुलींची पाहणी करायची आहे. 'पर्यावरणपूरक कपडे घ्याल का?' असं विचारलं की सगळेच हो म्हणतात आणि घरी पॉलिएस्टरचा टी-शर्ट नेतात. म्हणून दोन शर्ट थेट हातात द्यायचे, सुती ६०० चा, लिननचा १,४०० चा, आणि एक निवडायला लावायचं. धाग्याची माहिती असलेली चिठ्ठी निम्म्यांनाच दाखवायची.

घोडं अडलंय बांबूवर. बाजारातला मऊ 'बांबू' बहुतेकदा व्हिस्कोस असतो: लगद्यावर कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करून काढलेला धागा. लिननच्या रांगेत बसवला तर उत्तरं गढूळ होणार. व्हिस्कोस ओळखायला धागा जाळून बघण्यात अर्थ नाही. कागदाचा वास, मऊ राख, थेट सुतासारखीच.

तर बांबूचा वेगळा गट करावा की तो वगळावाच? नमुने कोरे द्यावेत की दोनतीनदा धुऊन? कोरं लिनन हाताला कडक लागतं, धुतल्यावर मऊ पडतं. म्हणजे निकाल तिथेच फिरतो. (चुरगळणं मात्र कोऱ्या-धुतलेल्या दोन्हीत आहेच.) शिवाय धागा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून देणारं कुणी ठाणे-बेलापूर पट्ट्यात आहे का?